खुर्चीच्या रक्षणार्थ तारे मिळविले त्याची हकिकत

प्रथम लाभाचा हिशेब मांडावा, मग पराक्रम सांगावा, म्हणजे कोण कशासाठी लढला हे ऐकणारास समजते आणि उगाच कोणाविषयी आदर वाटण्याचा धोका राहत नाही. ऐसियास, या मोहिमेत मेव्हणेराव यांस मिळणार होते ते येणेप्रमाणे: शिलाई दुकानाच्या काउंटरमागली फिरती खुर्ची, तिच्या डोक्यावरचा पंखा, जो त्या दुकानातला एकटाच फिरणारा पंखा, दोन वेळचा चहा, तोही आपण उठून न आणिता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने 'मालक' म्हणावे हा मान. मेव्हणेराव विमा कचेरीतून मुदतीआधीच निवृत्त होऊन घरी बसले, आणि घरी बसल्याने घरच्यांस दिवसभर दिसू लागले, आणि दिसू लागल्याने त्यांस लसूण सोलावयास बसविले जाऊ लागले. सबब त्यांस राज्य नको होते, फक्त बसावयास दुसरी जागा हवी होती. थोर थोर स्वाऱ्यांचे मूळ शोधू जाता पुष्कळदा इतकेच निघते.

खुर्चीवर ते समयी विराजमान होते टेलर मास्तर, मेव्हणेरावांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मास्तरांची कीर्ती दोन गोष्टींविषयी होती: त्यांचे माप कधी चुकले नाही, आणि त्यांची जीभ कधी आवरली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच उस्तादाने शिकविल्या होत्या. उस्ताद सांगून गेले की, माप कागदावर लिहिले तर कागद हरवतो, मोठ्याने पुकारले तर डोक्यात राहते. आणि टेप खोटे बोलत नाही, म्हणून शिंप्यानेही बोलू नये. मास्तरांनी हे वचन शिरावर घेतले आणि कागद कायमचा वर्ज्य केला. गिऱ्हाईक उभे राहिले, की मास्तर टेप लावीत आणि आकडा ऐशा खणखणीत सुरात पुकारीत, की समोरल्या औषधवाल्याने गोळ्या मोजता मोजता मान वर करावी. "कंबर अडतीस! मागच्या खेपेला छत्तीस होती!" मग गिऱ्हाईक पोट आत ओढी, आणि मास्तर म्हणत, "श्वास सोडा साहेब, किती वेळ धराल? पँट तर दिवसभर घालायचीय." मास्तरांस माणसांचे चेहरे आठवत नसत, नावे तर मुळीच नाहीत, परंतु एकदा लावलेले माप ते विसरले नाहीत. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर मास्तर आधी खांद्यांकडे पाहत आणि मग ओळख देत.

ऐसे कैक वर्षे चालिले. आणि मग समोरच्या बाजूस काचवाले उतरले.

काचवाल्यांचे दुकान म्हणजे आरसपानी काम, आत पांढरे दिवे, थंड हवा, आणि माप घ्यावयास दार लोटून घेण्याची खोली. तेथे आकडा कानात सांगत, आणि तोही ऐसा हळू की जणू कोणी आजारी आहे. त्यांची शिवण मास्तरांच्या पासंगास पुरत नव्हती, हे मास्तर समोरून जाणाऱ्या प्रत्येक कॉलरवरून ओळखीत, तरी गिऱ्हाईक तिकडे वळू लागले. कारण शोधता असे आढळले, की लोक हल्ली दुकानात येण्याआधी मोबाईलच्या नकाशात डोकावतात. तेथे प्रत्येक दुकानाचे एक पान असते, आणि त्या पानावर रयत पाचांपैकी तारे देते, आणि मनात येईल ते लिहिते. काचवाल्यांस पावणेपाच तारे होते. मास्तरांच्या पानावर अडीच होते, तसबिरीच्या जागी बंद शटर आणि त्यापुढे कोणाची तरी स्कूटर होती, आणि खाली फिर्यादी होत्या त्या ऐशा:

"शिवण एकदम चांगली. पण माझी कंबर सगळ्या रस्त्याला कळली. एक स्टार."

"मापं घेतात की लिलाव पुकारतात?"

"पँट महिन्याभरात घट्ट झाली. कापड खराब असणार." ही फिर्याद 'लोहपुरुष' या टोपणनावाने रुजू होती.

"नव्या कोटाचं बटण तिसऱ्या दिवशी तुटलं. निष्काळजी काम." ही 'चांदणी' या नावाने.

हे सर्व मेव्हणेरावांनी आपल्या बहिणीस, म्हणजे मास्तरीणबाईंस, मोबाईलवर मोठी अक्षरे करून दाखविले. दुकानाची जागा मास्तरीणबाईंस त्यांच्या वडिलांकडून मिळालेली, सबब मुलूख त्यांचा, मास्तर केवळ सुभेदार. बाईंनी चष्मा लावून सगळ्या फिर्यादी वाचिल्या, आणि वाचून झाल्यावर चष्मा काढिला नाही, त्यावरून मास्तर समजले की फर्मान सुटणार. फर्मान सुटले ते ऐसे: लग्नसराई सरेतो पानावर चार तारे दिसले पाहिजेत, न दिसल्यास काउंटरची खुर्ची धाकट्या भावाची, आणि मास्तरांनी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून मशीन चालवावी, आणि काय मापे पुकारावयाची ती भिंतीस पुकारावी.

मास्तर उठून ट्रायल रूममध्ये गेले. तेथे तीन बाजूंस तीन आरसे होते. मास्तरांनी पाहिले तो तिन्ही आरशांत एकेक मूर्ख उभा, आणि तिघांचीही कंबर चाळीस. 'आयुष्यभर दुसऱ्याचे पोट जाहीर केले,' मास्तर मनाशी म्हणाले, 'आणि स्वतःच्या पोटावर पाय आला तेव्हा माप आठवले.' मग पडदा सारून ते बाहेर आले, आणि लढावयाचे ठरले.

मोहिमेचे सेनापतिपद मेव्हणेरावांनी आपल्याकडे घेतले. मोहीम जिंकली तर नाव त्यांचे, आणि हरली तर खुर्ची त्यांची. बकऱ्याच्या प्रकृतीची विचारपूस खाटकाने करावी तैसा हा प्रकार, हे मास्तरांस कळत होते, परंतु मोबाईलात अक्षरे कोठून उमटतात हे कळत नव्हते, म्हणून ते गप्प राहिले.

पहिली चाल तसबिरीची. मास्तरांनी काळा कोट चढविलेला, मुंडके नसलेला लाकडी पुतळा दारात आणून उभा केला, आणि स्वतः गळ्यात टेप घालून, हाती मोठी कात्री घेऊन, छाती काढून शेजारी उभे राहिले. सेनापतींनी रस्त्यात उकिडवे बसून, एक डोळा मिटून, मोठ्या कौशल्याने तसबीर टिपिली आणि पानावर चढविली. पाहतात तो दुकानाची पाटी आली, पुतळा आला, कात्री आली, आणि मास्तर हनुवटीपर्यंत आले. दारात दोन मुंडके नसलेले इसम उभे, पैकी एकाचे हाती कात्री. खाली लागलीच कोणी लिहिले, "दोघांतला मालक कोण?"

"राहू द्या दाजी," सेनापती बोलिले, "ओळख पटत नाही तेच बरं आहे."

दुसरी चाल आप्तस्वकीयांची. मसलत ऐसी ठरली की, नात्यातील सर्वांस दुपारी दुकानी बोलवावे, चहा पाजावा, आणि प्रत्येकाकडून पाच तारे वसूल करावे. हुकमाप्रमाणे नातलग जमा झाले. मास्तरीणबाईंच्या दोघी जावा, व्याही, साडू, आणि मास्तरांच्या आत्याबाई, ज्या सर्वांत थोर, आल्या आणि कापडाच्या तागांवर बसल्या. सर्वांनी एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी, दुकानाच्याच इंटरनेटवरून स्तुती लिहिली, आणि तीही सेनापतींनी सांगितली तीच, कारण स्वतःची सुचेपर्यंत चहा थंड होत होता. पान साडेतीन ताऱ्यांवर गेले. आनंदीआनंद जाहला. मग पानाच्या धन्यांस, जे कोठे बसतात कोणास ठाऊक, परंतु मूर्ख नसावेत, फितुरीचा वास आला, आणि सांज होण्याआधी आप्तांची सर्व स्तुती पुसली गेली. एक मात्र राहिली. ती आत्याबाईंची होती, आणि तीत तारा एकच होता.

"आत्या, एक?" मास्तर कळवळून बोलिले.

"मग? पहिला नंबर दिला," आत्याबाई म्हणाल्या. "पाचवा नंबर काय द्यायचा आपल्या माणसाला? आणि हे बघ, तुझ्या चहात साखर कमी होती, तरी मी पहिलाच दिला हो."

पानाच्या धन्यांस एवढा एकच अभिप्राय मनापासूनचा वाटला, त्यास कोण काय करणार. तारे सव्वादोनांवर आले.

तिसरी चाल उत्तरांची, आणि येथेच घात जाहला. सेनापतींनी सांगितले की, मोठी मोठी दुकाने प्रत्येक फिर्यादीस नम्र उत्तर देतात, आणि रयत त्या नम्रतेवर भाळते. त्यांनी एक वाक्य तयार करून दिले: "आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार, आम्ही अवश्य सुधारणा करू." हेच वाक्य सर्वांखाली चिकटवावे, एक अक्षर इकडचे तिकडे करू नये, ऐसी सक्त ताकीद देऊन, चिकटविण्याचे व बोलून लिहिण्याचे बटण मास्तरांस दाखवून, सेनापती जेवून वामकुक्षीस गेले.

मास्तर दुपारच्या निवांत वेळी खुर्चीवर बसले. पहिल्या फिर्यादीखाली त्यांनी वाक्य चिकटविले. दुसरीखाली चिकटविले. मग समोर लोहपुरुष आले. "पँट महिन्याभरात घट्ट झाली. कापड खराब असणार." मास्तरांनी ते वाचिले, आणि टोपणनावाआडून ते माप त्यांस लख्ख दिसले: डावा पाय उजव्याहून अर्धा इंच लांब, मांड्या भक्कम, कंबर वाढती. हे तर व्यायामशाळेचे सर! कापडाची बदनामी मास्तरांस सोसवेना. स्वतःची सोसली असती, तिची सवय होती. त्यांनी बोलून लिहिण्याचे बटण दाबिले, आणि आयुष्यभर पुकारीत आले त्याच सुरात पुकारिले:

"सर, पँट घट्ट झालेली नाही. शिवली तेव्हा कंबर छत्तीस, सैल करायला आणली तेव्हा अडतीस. कापड महिन्यात आटत नाही, माणूस महिन्यात सुटतो. तुमचा डावा पाय अर्धा इंच लांब आहे, त्याच्या जास्तीच्या कापडाचे पैसे आम्ही कधी लावले नाहीत. व्यायाम चालू ठेवा."

एवढे करून मास्तरांस फार बरे वाटले. मग हात थांबेना. चांदणी म्हणजे बँकेतल्या मॅडम, हे उतरत्या उजव्या खांद्यावरून आणि बटणावरून उघडच होते. "बँकेतल्या मॅडम, बटण आमच्या दोऱ्यामुळे तुटलं नाही. माप छत्तीस निघालं, तरी चौतीसचाच शिवा म्हणालात. चौतीसच्या कोटात छत्तीस शिरली. बटणाने जीव दिला." ऐसे एकामागून एक, उरलेल्या सर्व फिर्यादींस, पदरचे माप घालून, बिनचूक उत्तर दिले. सुधारणेचे वाक्य तसेच राहिले. आपण मोठी नम्रता केली ऐसे वाटून मास्तर चहा प्याले.

वणवा पेटावयास एक दुपार पुरली. ज्या पानाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, ते पान घराघरांत वाचिले जाऊ लागले. औषधवाला ते दुकानात मोठ्याने वाचून दाखवी. व्यायामशाळेच्या दारावर सरांची तसबीर होती आणि खाली लिहिले होते, 'कंबर बत्तीस, तुम्हीही करू शकता.' तेथे कोणी खडूने बत्तीस खोडून अडतीस केले. नवे शागीर्द पैसे परत मागू लागले. तारे उतरत उतरत पावणेदोनांवर आले, आणि काचवाले आपल्या दारात उभे राहून हसू दाबू लागले.

दुसरे दिवशी फौज चालून आली. आघाडीस सर, छाती पुढे आणि पोट महत्प्रयासाने मागे. त्यांचे डावे अंगास बँकेतल्या मॅडम. मागे औषधवाला, ज्याचे माप छापले गेले नव्हते, तरी मजा पाहावयास. आणि त्यामागे रयत. मास्तर काउंटरमागे उभे राहिले. मेव्हणेराव आधीच हजर होते, आणि येताना घरून एक उशी घेऊन आले होते. मास्तर उभे राहिले ते पाहून त्यांनी ती उशी हळूच फिरत्या खुर्चीवर ठेविली, आणि तिचे टोक नीट केले.

"मास्तर," सर गरजले, "माझा धंदा आहे तो! लोक माझ्या कमरेकडे बघून फी भरतात!"

"मला काल मॅनेजरने विचारलं," मॅडम म्हणाल्या, "नवं बटण लावलं का म्हणून. भर मीटिंगमध्ये! सगळ्यांनी खाली बघितलं हो, सगळ्यांनी."

"आत्ताच्या आत्ता लिहा," सर म्हणाले, "की ती मापं खोटी आहेत. नाहीतर हे सगळे इथे उभं राहून एकेक स्टार देतील. फोन काढलेत त्यांनी. बघा."

खरेच सर्वांनी फोन काढिले होते.

हा मुक्काम कठीण. मास्तरांनी टेप मुठीत धरिली. मापे खरी होती. त्यांपैकी एकही पाव इंचाने चुकले असते तरी मास्तरांनी तिथल्या तिथे पाय धरिले असते. परंतु खरे माप खोटे म्हणावयाचे म्हणजे उस्तादांच्या वचनास कात्री लावणे. मास्तरांनी मनाशी म्हटले, 'तू सत्यवादी असतास तर खाली मान घालून आतल्या खोलीत गेला असतास. भिंतीला माप सांगितले असतेस. तेही खरेच राहिले असते.' मग त्यांची नजर खुर्चीकडे गेली. तिजवर उशी होती. उशीच्या अभ्र्यावर गुलाब होते.

"टेप आखडली असेल," मास्तर बोलिले.

मॅडमनी विचारिले, "म्हणजे?"

"खिशात राहून गेली होती. धुण्यात गेली. गरम पाण्यात. कापडी टेप, आखडते." जन्मातले पहिले खोटे, शिवणीस सफाई नव्हती. "टेप आखडली की आकडा मोठा दाखवते. सर, तुम्ही असाल चौतीस. फार तर."

"बत्तीस," सर म्हणाले.

"बत्तीस," मास्तर म्हणाले. ते ऐकून कात्रीलाही लाज वाटावी.

सरांचे पोट सैल सुटले. मॅडमच्या चेहऱ्यावर ऊन पडले. फौजेत कुजबूज जाहली की, तरीच, तरीच, आपल्यालाही हे जास्तच वाटत होते. तह होणार ऐसा रंग दिसू लागला. आणि या क्षणी मेव्हणेरावांनी, खुर्ची हातची जाते हे पाहून, आपल्या आयुष्यातील सर्वांत शुद्ध, सर्वांत निर्मळ सत्य उच्चारिले.

"काहीतरीच काय दाजी! वापरून वापरून टेप आखडत नाही, ताणते. आणि ताणलेली टेप आकडा कमी दाखवते. म्हणजे..." येथे विमा कचेरीत सारा जन्म घालविलेल्या त्या पुरुषाने बोटांवर हिशेब केला आणि सभेस सादर केला. "म्हणजे खरी मापं याहून जास्तच असणार!"

सर सावकाश वळले. मॅडम वळल्या. ज्यांचे माप छापले होते तेही वळले आणि ज्यांचे छापले नव्हते तेही वळले. ताकद, धन, फौज, कशानेही जो शत्रू निर्माण झाला नसता तो मेव्हणेरावांनी एका त्रैराशिकाने निर्माण केला.

"हे कोण?" मॅडमनी विचारिले.

"माझा भाऊ," मास्तरीणबाई आतल्या खोलीच्या दारातून बोलिल्या. त्या तेथे केव्हापासून उभ्या होत्या. त्यांनी आपला हिशेब एका निमिषात केला तो ऐसा: नवऱ्याची जीभ आवरावी एवढ्यासाठी हा सारा खटाटोप, ती जीभ आज प्रथमच आवरली, आणि भाऊ खुर्चीवर बसला तर त्याचा दोन वेळचा चहा आपणच करावयाचा. मग त्यांनी पदर सावरून, भर सभेत, दुसरे खोटे आपल्या शिरावर घेतले.

"टेप मीच टाकली धुण्याच्या मशीनमध्ये. खिसे बघितले नाहीत. चूक माझी." आणि भावाकडे न पाहता, "तू गप्प बस. आणि ती उशी उचल."

उशी उचलली गेली. मास्तर खुर्चीवर बसले.

तहाची कलमे तेथल्या तेथे ठरली. मास्तरांनी जाहीरनामा काढावा की, 'घरात टेप गरम पाण्यात धुतली गेल्याने आमची जुनी मापे चुकीची निघाली, सर्व गिऱ्हाइकांची क्षमा मागतो, नवी टेप आणली आहे.' यापुढे माप पडद्याआड घ्यावे आणि पुकारू नये. फौजेने ज्या हाती एक तारा द्यावयास फोन काढिला त्याच हाती पाच द्यावे. मास्तरांनी जाहीरनामा बोलून लिहिला, दोनदा पुसला, परंतु लिहिला. लोकांनी उभ्या उभ्या तारे दिले. सरांनी लिहिले, "प्रामाणिक माणूस. चूक मान्य करायला हिंमत लागते." प्रामाणिक हा शब्द मास्तरांनी वाचिला आणि फोन उलटा करून ठेविला. मॅडमनी लिहिले, "शिवण अप्रतिम, आता वागणंही." औषधवाल्याने, ज्याचा संबंध नव्हता, त्यानेही पाच दिले, कारण ते पान मोठ्याने वाचून दाखविल्याने त्याचे दुकान गजबजले होते.

लग्नसराई सरली तेव्हा पानावर चार तारे आणि वर थोडे उभे होते. आत्याबाईंचा एक तारा खाली तसाच आहे. तो पुसावा म्हणून विनविले असता त्यांनी सांगितले की, दिलेला पहिला नंबर आपण परत घेत नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, तिची नोंद करून ठेविली असे. लाभ आणि खर्च ऐसा: सरांस कंबर परत मिळाली, तिजबद्दल त्यांनी काही दिले नाही. मॅडमना इभ्रत मिळाली, आणि मास्तरांनी गुपचूप दोन इंच सैल केलेला कोट मिळाला, तोही फुकट. काचवाल्यांची गेली ती गिऱ्हाइके. मेव्हणेरावांस दारातले स्टूल आणि ते नम्र वाक्य चिकटविण्याचे काम मिळाले. सत्य बोलल्याचा दंड म्हणून एवढा हलकाच म्हणावा. मास्तरीणबाईंस त्यांच्या दोघी जावांनी फोन करून, खिसे बघून कपडे धुवावेत, हे समजावून सांगितले, आणि बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले. आणि मास्तर? मास्तर हल्ली पडदा ओढून टेप लावितात, छत्तीस पाहतात, ओठ गिऱ्हाइकाच्या कानाशी नेऊन "चौतीस" म्हणतात, आणि आत जाऊन छत्तीस कापतात. पँट बिनचूक बसते. गिऱ्हाईक आरशात वळून वळून पाहते, शिलाई देते, पाच तारे देते आणि खुशीत जाते. एवढ्या खुशीचा खर्च दर गिऱ्हाइकामागे दोन इंच, आणि तो मास्तरांच्या पदरचा.